कर्ज जनतेचे, करार कुलपात

नोव्हेंबर 2022 मध्ये केनियाच्या वाहतूकमंत्र्यांनी तीन कर्जकरार जनतेसमोर ठेवले. चीनच्या एक्झिम बँकेशी (निर्यात-आयातीसाठी कर्ज देणाऱ्या सरकारी बँकेशी) झालेले हे करार मोम्बासा ते नैरोबी या नव्या रेल्वेसाठीचे होते आणि त्यांवर 2014 मध्येच सह्या झाल्या होत्या. मधल्या आठ वर्षांत रुळ पडले, मे 2017 च्या अखेरीस थाटामाटात उद्घाटन झाले, कर्जाचे हप्ते सुरू झाले, राष्ट्राध्यक्षही बदलले. आयात मालावर 2013 पासून रेल्वे विकास अधिभार लागू होता. म्हणजे बाहेरून आलेला मोबाइल किंवा मोटारसायकल विकत घेणारा साधा केनियन माणूस या रेल्वेचे पैसे भरत होताच. आपण कोणत्या अटींवर पैसे भरतो आहोत हे विचारायची मात्र त्याला सोय नव्हती. विचारणाऱ्यांना सांगितले जाई की करारातच गोपनीयतेचे कलम आहे, आमचे हात बांधलेले आहेत. ओकिया ओम्ताता आणि खलेफ खलिफा या दोन कार्यकर्त्यांना त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेचे कलम 35 नागरिकाला माहितीचा हक्क देते. परदेशी बँकेशी केलेला करार हा घटनेपेक्षा मोठा आहे का, असा त्यांचा सरळ सवाल होता.

कागद बाहेर आले तेव्हा त्यांत काय निघाले? सुमारे 3.2 अब्ज डॉलरचे कर्ज दोन जवळपास सारख्या भागांत होते. एक भाग सवलतीचा, 2 टक्के व्याजाचा, वीस वर्षांच्या मुदतीचा. दुसरा व्यापारी दराचा, लंडनच्या आंतरबँक दरावर 3.6 टक्के जादा आणि मुदतही कमी. पहिल्या भागावरून कर्ज स्वस्त आहे असे सांगता येत होते, दुसऱ्याचा भार मात्र तिजोरीला जाणवत होता. वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये बसेल आणि कराराला चीनचा कायदा लागू होईल. मालाची खरेदी शक्यतो चीनमधूनच करायची. कर्जदात्याच्या संमतीशिवाय अटी कुणाला सांगायच्या नाहीत. आणि हे कागदही पूर्ण नव्हतेच, कंत्राटाची आणि व्यवहार्यतेच्या अभ्यासाची कागदपत्रे त्यांत नव्हती.

एक गोष्ट मात्र त्यांत सापडली नाही, आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. 2018 च्या डिसेंबरात महालेखापालांच्या कार्यालयातले एक पत्र फुटले होते. त्यावरून देशभर बोभाटा झाला की हप्ते थकले तर मोम्बासा बंदर चीनच्या ताब्यात जाणार. चार वर्षे हे भूत लोकांच्या मानगुटीवर होते. निवडणुकीच्या सभांत ते नाचवले गेले, जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले. प्रत्यक्ष करारांत बंदर तारण ठेवल्याचा उल्लेखच नव्हता. रेल्वेला पुरेसा माल पुरवण्याची हमी बंदर प्राधिकरणाने दिली होती. ती जाचकच होती, पण बंदर गहाण टाकणे आणि मालाची हमी देणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कागद पहिल्याच दिवशी खुला असता तर भलत्या भीतीत चार वर्षे गेली नसती आणि खऱ्या जाचक अटीवर वेळेत भांडता आले असते.

त्या जाचक अटीचे परिणाम रस्त्यावर दिसत होते. रेल्वेला माल मिळावा म्हणून सरकारने फर्मान काढले की नैरोबीकडे जाणारे कंटेनर रेल्वेनेच जातील आणि त्यांची सीमाशुल्क सोडवणूक मोम्बासात न होता नैरोबीच्या एम्बाकासीतल्या डेपोत होईल. मोम्बासातले ट्रकमालक, चालक, गोदामवाले, सीमाशुल्क दलाल, हमाल यांच्या पोटावर पाय आला. महामार्गावर ट्रकवाल्यांच्या मुक्कामावर जगणाऱ्या गावांतली खानावळ आणि टायरची दुकाने ओस पडू लागली. 2019 मध्ये मोम्बासात लोक आठवड्यामागून आठवडे निदर्शने करत राहिले. सप्टेंबर 2022 मध्ये विल्यम रुटो राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी शपथविधीच्याच दिवशी बंदरावरची कामे मोम्बासाला परत देण्याची घोषणा केली. शहर जल्लोषात बुडाले. पण रेल्वेला माल कुठून आणायचा आणि हप्ता कशातून भरायचा, हा प्रश्न तिथेच उभा राहिला.

ही कहाणी इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण आहे. चीन आणि आफ्रिका यांच्या आर्थिक भागीदारीवर जगात बरेच बोलले जाते, पण त्या बोलण्यात हा मोम्बासाचा हमाल कुठेच नसतो. एका बाजूला ‘कर्जाचा सापळा’ ही कथा. चीन मुद्दाम न फिटणारी कर्जे देतो आणि मग बंदरे, खाणी, विमानतळ घशात घालतो. दुसऱ्या बाजूला बीजिंगच्या शिखर परिषदांतली कथा, दोघांचाही फायदा, विकसनशील देशांचा एकमेकांना आधार, पन्नास वर्षांची मैत्री. दोन्ही कथांत कर्ता एकच, चीन. कर्ज घेणारा देश एकीत बळी, दुसरीत लाभार्थी. त्याच्या मंत्र्याने काय पाहून सही केली, संसदेने काय विचारले, जनतेला काय कळले, याचा पत्ताच नाही. माझे म्हणणे असे की भागीदारी बरी की वाईट याचा निवाडा याच तीन प्रश्नांवर करायला हवा. जो करार त्याचे पैसे भरणाऱ्यांना वाचता येत नाही, तो कितीही कमी व्याजाचा असो, त्याला भागीदारी म्हणू नये.

सापळ्याच्या कथेचा लाडका दाखला म्हणजे श्रीलंकेचे हंबनटोटा. 2017 मध्ये हे बंदर 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने चायना मर्चंट्स या कंपनीला गेले, हे खरे. पण त्यातून आलेले 1.12 अब्ज डॉलर बंदराचे कर्ज फेडायला गेलेच नाहीत. ते परकीय गंगाजळीत जमा झाले, कारण त्या वेळी श्रीलंकेची मुख्य अडचण पाश्चात्त्य बाजारांत विकलेल्या रोख्यांच्या परतफेडीची होती. बंदराचे मूळ कर्ज सरकारच्या डोक्यावर तसेच राहिले. ज्याला जप्ती म्हणून जगभर दाखवले गेले ती प्रत्यक्षात डॉलरसाठी हातघाईवर आलेल्या सरकारने केलेली विक्री होती. यामुळे चीन साधू ठरत नाही. राजपक्षे कुटुंबाच्या गावाजवळ, फारशी जहाजे येण्याची शक्यता नसलेल्या जागी बंदर बांधायला पैसे देणाऱ्या बँकेने व्यवहार पाहिला नव्हता, सत्ताधाऱ्यांची मर्जी पाहिली होती. पण ती मर्जी कोलंबोत तयार झाली होती, हेही विसरता येत नाही.

आणि चीन आफ्रिकेत आला कसा, हेही समजून घ्यायला हवे. झांबिया 1964 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याचे तांबे समुद्रापर्यंत नेणारी वाट गोऱ्यांच्या राजवटीच्या ऱ्होडेशियातून (आजच्या झिंबाब्वेतून) जात होती. 1965 मध्ये ऱ्होडेशियाने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि झांबियाच्या नाकातोंडात पाणी जायची वेळ आली. टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे आणि झांबियाचे केनेथ काउंडा यांनी दार-ए-सलामपर्यंत रेल्वे बांधण्यासाठी जागतिक बँकेचे आणि पाश्चात्त्य देशांचे दार ठोठावले. प्रकल्प परवडणारा नाही, असे उत्तर मिळाले. मग स्वतःच दारिद्र्यात असलेल्या चीनने बिनव्याजी कर्ज दिले. 1970 ते 1975 या काळात हजारो चिनी आणि त्याहून अधिक आफ्रिकी कामगारांनी डोंगर फोडून, दलदली भरून, शेकडो पूल बांधून 1,860 किलोमीटरची ताझारा रेल्वे उभी केली. साठहून अधिक चिनी कामगार तिथेच मरण पावले, त्यांची दफनभूमी टांझानियात आहे. आज बीजिंगला मिळणाऱ्या सद्भावनेची पाळेमुळे इथे आहेत. ती प्रचाराने निर्माण झालेली नाही.

पुढे 1980 आणि 90 च्या दशकांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या रचनात्मक फेरबदलांच्या अटींखाली आफ्रिकी सरकारांनी खर्चाला कात्री लावली. त्या काळात मदतीचा ओघ पूल, वीज, रेल्वे यांच्यापासून दूर गेला. कारखाना चालवायला वीज नाही आणि माल न्यायला रस्ता नाही अशा देशाला सुशासनाचे धडे मिळत राहिले. आफ्रिकी विकास बँकेने 2018 मध्ये अंदाज मांडला की पायाभूत सुविधांसाठी या खंडाला दरवर्षी 130 ते 170 अब्ज डॉलर लागतील. एवढ्या मोठ्या तहानेला चीन पाणी घेऊन आला. 2000 पासून 2023 पर्यंत चिनी कर्जदात्यांनी आफ्रिकी देशांना सुमारे 182 अब्ज डॉलर देऊ केले. घानातले 400 मेगावॅटचे बुई धरण त्यातूनच झाले, आणि त्याच्या कर्जफेडीत कोको बियांच्या निर्यातीचा वाटा ठेवला गेला. आदिस अबाबा ते जिबुती ही विद्युत रेल्वे झाली. ती कमाई करेना तेव्हा 2018 मध्ये चीनने इथिओपियाची परतफेडीची मुदत दहा वर्षांवरून तीस वर्षांवर नेली. ज्यांनी या खंडाला दशकानुदशके वीज दिली नाही, त्यांनी वीज देणाऱ्यावर वसाहतवादाचा शिक्का मारावा, हे मला पटत नाही.

तरीही अळीमिळी गुपचिळीचा प्रश्न सुटत नाही. उलट मदत जितकी मोलाची, तितकी तिची कागदपत्रे उघडी असण्याची गरज अधिक. मार्च 2021 मध्ये संशोधकांच्या एका गटाने 24 देशांशी झालेले शंभर चिनी कर्जकरार तपासून अहवाल प्रसिद्ध केला. 2014 नंतरच्या त्यांच्या हाती लागलेल्या प्रत्येक करारात गोपनीयतेचे कलम होते. सुमारे तीन चतुर्थांश करारांत असे होते की इतर सरकारी कर्जदात्यांसोबत होणाऱ्या सामूहिक पुनर्रचनेत (कर्जाची मुदत किंवा रक्कम नव्याने ठरवण्यात) हे कर्ज धरायचे नाही. बऱ्याच करारांत कर्जदार देशाने विशेष खात्यात ठराविक रक्कम कायम ठेवायची अट होती. अंगोलाचे उदाहरण घ्या. चीनने आफ्रिकेला दिलेल्या एकूण कर्जापैकी जवळपास चौथा हिस्सा या एका देशाचा, आणि त्यातला बराचसा तेलाच्या बदल्यात. चायना डेव्हलपमेंट बँकेकडच्या खात्यात अंगोलाला दीड अब्ज डॉलर पडून ठेवावे लागत होते. देशात डॉलरची चणचण, आणि स्वतःचेच पैसे परदेशी बँकेत अडकलेले. 2024 मध्ये वाटाघाटी करून त्यातली काही रक्कम हप्त्यांसाठी वापरण्याची परवानगी अंगोलाला मिळवावी लागली.

गुप्ततेची किंमत झांबियाने सर्वांत जास्त मोजली. नोव्हेंबर 2020 मध्ये त्याने युरोरोख्यांवरचा (परकीय बाजारात डॉलरमध्ये विकलेल्या रोख्यांवरचा) 4.25 कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला आणि महामारीच्या काळात थकबाकीदार झालेला तो आफ्रिकेतला पहिला देश ठरला. रोखेधारकांकडे त्याने सवलत मागितली होती. त्यांनी आधी चीनचे नेमके किती देणे आहे ते सांगा असा आग्रह धरला. सवलत आम्ही देऊ आणि पैसे बीजिंगला जातील, ही त्यांची शंका. सरकार धड आकडा सांगू शकत नव्हते किंवा सांगायला तयार नव्हते. 2021 मध्ये सत्ताबदल झाला, त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला की चिनी कर्जदात्यांचे देणे 6.6 अब्ज डॉलर आहे, आधीच्या सरकारने सांगितलेल्या 3.4 अब्जांच्या जवळपास दुप्पट. सरकारी कर्जदात्यांशी पॅरिसमध्ये समझोता व्हायला जून 2023 उजाडले, रोखेधारकांशी व्हायला 2024. साडेतीन वर्षे देश लटकलेला राहिला. या काळात शाळेत न लागलेला शिक्षक, दवाखान्यात न आलेले औषध, उभे न राहिलेले उपकेंद्र यांचा हिशेब कुठल्याच करारात नाही.

यावर एक प्रतिवाद हमखास येतो. व्यापारी करार गुप्तच असतात, आणि चीनलाच का धरता? त्याचा उत्तरार्ध मला मान्य आहे. गुप्तता चिनी नाही. मोझांबिकमध्ये 2013 आणि 2014 साली ट्यूना मासेमारीची जहाजे आणि सागरी सुरक्षेच्या नावाखाली सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जे काढली गेली, संसदेला अंधारात ठेवून. कर्ज देणाऱ्या बँका होत्या स्वित्झर्लंडची क्रेडिट स्वीस आणि रशियाची व्हीटीबी. 2016 मध्ये बिंग फुटले, नाणेनिधीने हात आखडता घेतला, चलन कोसळले, आणि 2024 मध्ये माजी अर्थमंत्री मानुएल चांग यांना न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवले. चाडने ग्लेनकोर या स्विस व्यापारी कंपनीकडून तेलाच्या बदल्यात घेतलेल्या कर्जानेही त्या देशाला असेच जेरीस आणले. तेव्हा सावकार कोणत्या खंडातला आहे यावर काही ठरत नाही.

पूर्वार्ध मात्र मान्य नाही. दोन कंपन्यांत व्यवहार झाला तर तोटा भागधारकांचा. इथे सही मंत्र्याची आणि परतफेड अजून जन्मायच्या मुलांची. ज्या देशांत महालेखापाल परदेशी कर्जाचा करार वाचायला मागतो आणि अर्थखाते त्याला गोपनीयतेचे कलम दाखवते, तिथे राज्यघटनाच परकीय बँकेच्या संमतीवर चालते आहे. गोपनीयतेने कर्जदाता सुरक्षित होतो असेही नाही. नवे सरकार येते, करार कुणी पाहिलेला नसतो, संशय पराकोटीला गेलेला असतो, आणि मग सगळेच मोडीत काढण्याची मागणी होते. केनियाच्या अपील न्यायालयाने जून 2020 मध्ये रेल्वेच्या कंत्राटाची प्रक्रियाच खरेदी कायद्याचा भंग करणारी ठरवली, तोवर त्या रुळांवरून तीन वर्षे गाड्या धावत होत्या.

करार उघड झाला की काय होते, हेही पाहायला मिळाले आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात 2008 मध्ये ‘शतकातला सौदा’ म्हणून गाजलेला सिकोमिन्सचा करार झाला. चिनी कंपन्यांना तांबे आणि कोबाल्ट, काँगोला रस्ते आणि रुग्णालये. संयुक्त कंपनीत चिनी बाजूचा वाटा 68 टक्के. सुरुवातीचा आकडा नऊ अब्ज डॉलरचा, नाणेनिधीच्या आक्षेपानंतर तो सहावर आला. 2023 मध्ये काँगोच्या वित्तीय तपासणी यंत्रणेने जाहीर अहवाल दिला की पायाभूत कामांसाठी ठरलेल्या तीन अब्जांपैकी पंधरा वर्षांत फक्त 82.2 कोटी डॉलरची कामे झाली आहेत, आणि चिनी भागीदारांच्या पदरात मात्र त्याच्या कितीतरी पट पडले आहे. चिनी बाजूने आकडे नाकारले, पण चर्चेला बसावे लागले. मार्च 2024 मधल्या नव्या करारात पायाभूत कामांची रक्कम सात अब्ज डॉलरवर गेली. भागीदारीचे प्रमाण काही बदलले नाही, तांब्याच्या भावाशी जोडलेली कामाची रक्कम कितपत पक्की हेही येत्या वर्षांत कळेल. पण आकडे चव्हाट्यावर आले नसते तर हेसुद्धा झाले नसते. मलेशियाने 2018 मध्ये पूर्व किनारा रेल्वे थांबवली आणि पुढच्याच वर्षी तीच रेल्वे 65.5 अब्ज रिंगिटऐवजी 44 अब्जांत पुन्हा सुरू झाली. म्यानमारच्या क्याउकप्यू बंदराचा पहिला टप्पा 7.3 अब्ज डॉलरवरून 1.3 अब्जांवर आला. चीनने यांपैकी एकाही देशाशी संबंध तोडले नाहीत. दर कमी करायला जागा होती आणि ती होती हे त्याला आधीपासून ठाऊक होते.

घासाघीस करण्याची ताकद आफ्रिकी देशांत नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे, आणि आज तर तसे मानायला आधारही नाही. तांबे, कोबाल्ट, लिथियम, मॅंगनीज यांच्यासाठी सगळे रांगेत आहेत. अमेरिका आणि युरोपने अंगोलाच्या लोबितो बंदरापासून काँगोच्या खाणपट्ट्यापर्यंतच्या रेल्वेमार्गात पैसा घातला आहे आणि डिसेंबर 2024 मध्ये जो बायडेन त्याच कारणासाठी अंगोलात आले होते. झिंबाब्वेने डिसेंबर 2022 मध्ये कच्च्या लिथियमची निर्यात बंद केली, त्यानंतर चिनी कंपन्यांनी तिथेच प्रक्रिया प्रकल्प उभारले. गिऱ्हाईक दारात असताना विकणाऱ्याने मान खाली घालून उभे राहायचे कारण नाही.

व्यापाराचा ताळेबंद पाहिला तर याची निकड कळते. 2009 पासून चीन हा आफ्रिकेचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार देश आहे. 2024 मध्ये दोहोंचा व्यापार 295 अब्ज डॉलरवर गेला आणि त्यात आफ्रिकेची तूट सुमारे 62 अब्जांची. जाते ते तेल आणि खनिज, येतात ती यंत्रे, फोन, कापड, सौर पट्ट्या. डिसेंबर 2024 पासून चीनने आफ्रिकेतल्या 33 अतिमागास देशांच्या मालाला आयात शुल्कातून पूर्ण सूट दिली आणि 2025 मध्ये ती 53 देशांपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. स्वागत आहे. पण तांब्याच्या खनिजावर तसेही फारसे शुल्क नव्हते, आणि केनियाच्या ॲव्होकॅडोला शुल्कापेक्षा शीतगृहांची आणि तपासणीच्या परवानग्यांची अडचण जास्त आहे. शुल्क माफ झाले म्हणून कारखाने उभे राहत नाहीत.

आणि खनिज कसे जाते, हे 18 फेब्रुवारी 2025 ला झांबियाने पाहिले. ताम्रपट्ट्यातल्या चांबिशीजवळ सिनो-मेटल्स या चिनी सरकारी मालकीच्या कंपनीचा आम्लयुक्त गाळ साठवणारा बंधारा फुटला. विष ओढ्यातून काफुए नदीत उतरले. ही नदी म्हणजे देशाच्या मोठ्या भागाचे पाणी. किटवे शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला, सुमारे सात लाख लोक कोरडे पडले. मेलेले मासे सुमारे शंभर किलोमीटर खालपर्यंत दिसले, नदीकाठचा मका करपला, आणि आम्ल मारण्यासाठी हवाई दलाच्या विमानांतून नदीत चुना टाकला गेला. कंपनीने माफी मागितली. पण गाळ किती सांडला यावर वाद सुरू झाला. कंपनीनेच नेमलेल्या दक्षिण आफ्रिकी तज्ज्ञ संस्थेने आधी सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी पट गळती झाल्याचे म्हटले, कंपनीने ते अमान्य केले आणि त्या संस्थेचे काम थांबवले. नदीकाठच्या शेतकऱ्याने कुणावर विश्वास ठेवायचा? त्याच्या मातीत काय मुरले आहे हे सांगणारा कागदसुद्धा त्याच्या हातात नाही. हप्त्यांच्या पुनर्रचनेसाठी ज्या देशाचे उंबरठे झिजवायचे, त्याच देशाच्या कंपनीला दंड ठोठावताना सरकारचा हात कचरणार नाही, अशी व्यवस्था कराराच्या आधीच करायला हवी. नंतर होत नाही.

भारतालाही याच मापाने मोजायला हवे. सप्टेंबर 2023 मध्ये नवी दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-20 चे स्थायी सदस्यत्व मिळाले, त्याचा अभिमान रास्त आहे. पण भारताच्या सवलतीच्या कर्जातही सर्वसाधारणपणे 75 टक्के माल आणि सेवा भारतातूनच घेण्याची अट असते. म्हणजे चिनी करारातले जे कलम आपल्याला खटकते त्याचे भावंड आपल्याही करारात आहे. आपण वेगळे आहोत असे आफ्रिकेला सांगायचे असेल तर भारताच्या एक्झिम बँकेने आपली करारपत्रे, अटी आणि कंत्राटदारांची निवड यांसह, दोन्ही देशांच्या संसदेपुढे ठेवावीत. स्वस्त कर्ज देण्याच्या शर्यतीत आपण चीनला गाठू शकणार नाही. उघडा कागद देण्यात मात्र आपल्याला कुणी अडवलेले नाही.

ही वेळ महत्त्वाची आहे, कारण भागीदारीचे रूप पालटते आहे. चीनची आफ्रिकेला दिली जाणारी कर्जे 2016 मध्ये 28 अब्ज डॉलरवर पोचली होती, 2022 मध्ये ती एक अब्जाच्या आसपास घसरली. धरण-रेल्वेसाठी सरकारला कर्ज देण्याऐवजी आता कंपन्या स्वतः गुंतवणूक करतात आणि बदल्यात दीर्घ मुदतीचा ताबा घेतात. 2025 मध्ये केनियाने आपली रेल्वेची डॉलरमधली कर्जे युआनमध्ये बदलून घेतली, व्याज वाचले म्हणून अर्थखात्याने समाधान व्यक्त केले. व्याज वाचले हे खरेच, पण आता विनिमय दराचा धोका वेगळ्या चलनात आला आहे आणि त्याच्याही अटी लोकांना कळायला हव्यात.

जीर्ण झालेली, क्षमतेच्या जेमतेम अंशावर चालणारी ताझारा रेल्वे आता सुमारे 1.4 अब्ज डॉलर खर्चून पुन्हा उभी करायची आणि तीस वर्षे एका चिनी सरकारी कंपनीने चालवायची असे ठरले आहे. यात सरकारला कर्ज नाही म्हणून कुणी हिशेब विचारणार नाही, असे घडू नये. मालभाडे कोण ठरवणार, खाणमालाला प्राधान्य मिळून शेतमाल मागे पडणार का, किमान उत्पन्नाची हमी सरकारांनी दिली आहे का, वाद कुठे सुटणार, स्थानिक इंजिनिअर किती आणि कोणत्या हुद्द्यांवर घेणार, तीस वर्षांनी रुळ आणि डबे कोणत्या अवस्थेत परत मिळणार. केनियाला ही उत्तरे आठ वर्षांनी मिळाली. टांझानिया आणि झांबियाच्या संसदांनी ती आज मागावीत. करारनामा इंग्रजीबरोबर स्वाहिली आणि बेंबा भाषांत छापावा, आणि रेल्वेमार्गावरच्या प्रत्येक जिल्ह्याच्या कचेरीत तो मागेल त्याला मिळावा.